वही, पेन्सिल आणि जुन्या पुण्याच्या पेठा



गटाच्या कार्यक्रमात आपण एरवी कर्जाचे हप्ते, शेळ्या, मसाला, पापड यांबद्दल बोलतो. आज इतिहासाबद्दल बोलू. घाबरू नका, सनावळ्या पाठ करायच्या नाहीत. आमच्या गटांच्या सोळा जणी यंदाच्या थंडीत पुण्याच्या जुन्या पेठांमधून दिवसभर पायी फिरलो. प्रत्येकीकडे शंभरपानी वही आणि पेन्सिल होती, आणि पाच-सहा जणींकडे चांगला कॅमेरा असलेला फोन. निघतानाच ठरलं होतं की फोटो हवे तेवढे काढायचे, पण प्रत्येक ठिकाणी एक तरी गोष्ट हाताने काढायची. चित्रकला कुणालाच येत नव्हती. रांगोळी सगळ्यांना येत होती, तेवढं पुरेसं झालं.

हाताने कशाला, असं तुम्ही विचाराल. फोटो निघतो एका क्षणात, आणि आपण पुढे चालू लागतो. दरवाजा काढायला बसलं की त्याला किती फळ्या, किती कड्या, उंबरठा केवढा, खालचा दगड कुठे झिजलाय, हे सगळं बघावंच लागतं. शिवाय जुन्या पुण्याचा कितीतरी भाग आज आपल्याला कळतो तो कोणीतरी बसून काढलेल्या चित्रांवरून आणि लिहिलेल्या कागदांवरून. ज्याचं चित्र काढलं नाही आणि ज्याबद्दल लिहिलं नाही, ते पुसलं गेलं. या पुसल्या गेलेल्यांत बायकांच्या जागा फार आहेत.

कसबा आणि तांबट आळी

सुरुवात कसबा पेठेतून केली. पुण्याची ही सगळ्यात जुनी वस्ती. कसबा गणपती हे पुण्याचं ग्रामदैवत. जिजाऊ बाळ शिवबाला घेऊन पुण्यात आल्या तेव्हा गाव उजाड झालेलं होतं. त्यांनी या गणपतीचं देऊळ उभं केलं आणि सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून गाव पुन्हा वसवलं, असं पुणेकर पिढ्यानपिढ्या सांगत आलेत. जवळच लाल महाल आहे. शिवाजी महाराजांनी १६६३ साली शाहिस्तेखानावर छापा घातला तो लाल महालात. पण आज आपण पाहतो ती इमारत जुनी नाही. मूळ महाल कधीच गेला. आत्ताची वास्तू महापालिकेने १९८०च्या दशकात आठवण म्हणून बांधली. वहीत चित्राखाली आम्ही तसंच लिहिलं: ‘जागा जुनी, भिंत नवी.’ जुनं काय आणि नंतरचं काय हे लिहून ठेवलं नाही, तर दोन पिढ्यांनी सगळंच जुनं वाटायला लागतं.

कसब्यातच तांबट आळी आहे. गल्लीत शिरायच्या आधीच ठक्‌ठक्‌ कानावर येते. पेशव्यांच्या काळापासून इथे तांब्या-पितळेची भांडी घडतात. हंडे, घागरी, तपेली, आणि अंघोळीच्या पाण्याचे बंब. बंब म्हटल्यावर आमच्यातल्या वयस्कर बायका हसायलाच लागल्या. पहाटे उठून त्यात गोवऱ्या आणि ढलप्या घालून धूर खायचं काम कोणाचं होतं, हे सांगायला नकोच. घडवणाऱ्याचं नाव आळीला मिळालं. बंब तापवणारीचं नाव कुठे लागलं नाही.

या भांड्यांवर हातोडीने एकसारखे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. आम्हाला आधी ती नुसती शोभा वाटली. विचारल्यावर कळलं की ठोक्यांनी तांबं कडक होतं, भांडं सहजी चेपत नाही, आणि प्रत्येक खळग्यातून उजेड परततो म्हणून चकाकतं. तिथे फोटो काढण्याआधी आम्ही परवानगी मागितली. कामाला बसलेले काका म्हणाले, “काढा की ताई, पण माझं तोंड कशाला? हात काढा.” मग आम्ही हात काढले, हातोडी धरलेले. वहीत मात्र एकीने नुसते ठोकेच काढले, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे, ओळीला ओळ लावून. ठोके गोल फिरत जातात, सरळ रेषेत जात नाहीत, हे तिच्या पानावरून आम्हाला समजलं. फोटोत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

याच तांबट नावाचा एक चित्रकार अडीचशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात होऊन गेला. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात चार्ल्स मॅलेट नावाचा इंग्रज वकील पुणे दरबारात होता. त्याने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराला इथे आणलं आणि शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली. गंगाराम या मंडळींसाठी चित्रं काढायचा. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता, म्हणजे पाळलेल्या जनावरांची जागा. तिथल्या गेंड्याचं त्याने १७९० साली काढलेलं चित्र आजही आहे. वेरूळच्या लेण्यांची चित्रंही त्याने काढली. त्याची बरीच चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. शिकारखाना गेला, गेंडा गेला, पण कागद राहिला. म्हणून पेशव्यांकडे गेंडा होता हे आपल्याला ऐकीव गोष्ट म्हणून नाही, तर पुराव्याने माहीत आहे.

शनिवारवाडा: दगड राहिला, लाकूड गेलं

कसब्याला लागूनच शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. जुन्नरच्या रानातलं सागवान, चिंचवडच्या खाणीतला दगड, जेजुरीचा चुना. समोरच्या दिल्ली दरवाजाला लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीने कपाळाची धडक देऊ नये म्हणून. मोठ्या दरवाजात एक लहान दार असतं, ते दिंडी दरवाजा. आम्ही सगळ्यांनी तो दिंडी दरवाजाच काढला. त्यातून जायला पुरुषालाही मान वाकवावी लागते.

आत गेलं की मोकळं मैदान आणि जोती दिसतात. सात मजली वाडा कुठे आहे, असं सगळ्याच विचारतात. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि सात दिवस वाडा जळत राहिला. दगडी तट आणि जोती उरली, लाकडी महाल राख झाले. फोटो काढायची कला जगापुढे आली १८३९ साली. म्हणजे आग आधी आणि कॅमेरा अकरा वर्षांनी नंतर. त्यामुळे या महालांचा फोटो असणं शक्यच नाही. जे काही कळतं ते जुन्या कागदपत्रांतून आणि चित्रांतून. वेल्सच्या रेखाटनांवरून दरबाराचं एक मोठं चित्र पुढे तयार झालं. त्यात पेशवे, सरदार, मानकरी, इंग्रज वकील सगळे बसलेले आहेत. ती सगळी गर्दी दरबारी पुरुषांची आहे.

मग या वाड्यातल्या बायका कुठून यायच्या, कुठून जायच्या? दरवाजे पाहिले की थोडं समजतं. वाड्याला पाच दरवाजे आहेत. गणेश दरवाजातून वाड्यातल्या बायका कसबा गणपतीच्या दर्शनाला जायच्या असं सांगतात. एक दरवाजा मस्तानीच्या नावाचा. जांभूळ दरवाजा नाटकशाळांच्या आणि राखेल्यांच्या ये-जा करण्याचा. याशिवाय पेशवाईत घराघरांत कुणबिणी असत, म्हणजे विकत घेतलेल्या दासी. पाणी भरणं, दळणकांडण, गोठा, सगळं त्यांच्या अंगावर. बाई कोणती, यावरून दार ठरायचं. आमच्या वहीत या एका पानावर पाच चौकोन आहेत आणि प्रत्येकाखाली कोण जायचं ते लिहिलंय.

आत अजून एक बघण्यासारखी गोष्ट म्हणजे हजारी कारंजं. सोळा पाकळ्यांचं कमळ, जमिनीत कोरून बांधलेलं. आमच्या सोळा जणींनी एकेक पाकळी वाटून घेतली आणि दहा मिनिटांत कारंजं कागदावर उतरवलं! त्या काळात शहरात पाणी आलं होतं कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५०च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या दगडी नळांनी पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार साधलेला. पण हे पाणी शहरातल्या प्रत्येकाला घेता येत नव्हतं. ते लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

भिडेवाडा ते मंडई

शिवाजी रस्त्याने दक्षिणेकडे चालत गेलं की बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीचं मंदिर लागतं. दर्शनाची रांग मोठी असते. त्याच्या समोरच्या बाजूला भिडेवाडा होता. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. जोतीराव एकवीस वर्षांचे, सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. सुरुवातीला सहा मुली होत्या असं सांगतात. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल फेकायचे, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं न्यायच्या, ही गोष्ट आपल्या प्रत्येक मुलीने तीन जानेवारीच्या भाषणात सांगितलेली असते.

‘होता’ म्हणतोय, कारण तो जुना वाडा आता नाही. कित्येक वर्षं तो मोडकळीला आलेला होता, खाली दुकानं आणि वर पडझड. कोर्टातली लांबलेली लढाई संपल्यावर महापालिकेने जागा ताब्यात घेतली आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडला. तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं आहे. स्मारक व्हावं, ते आपल्याला हवंच. पण ज्या जिन्याने, ज्या जोत्यावरून मुली आत गेल्या, ते आता फक्त लोकांनी काढून ठेवलेल्या फोटोंत आणि चित्रांत आहे. १८४८ सालच्या वर्गाचं चित्र तर आज चित्रकार कल्पनेनेच काढतात. सावित्रीबाई कुठे उभ्या राहायच्या, मुली भिंतीशी बसायच्या की मधोमध, उजेड कुठल्या खिडकीतून यायचा, हे तेव्हा कोणाला काढून ठेवावंसं वाटलं नाही.

इथे काय काढायचं असा प्रश्न पडला. आमच्यातल्या एक काकू साक्षरता वर्गात पन्नाशीनंतर अक्षरं शिकल्या. त्यांनी चित्र काढलंच नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘इथे शाळा होती.’ खाली तारीख आणि सही. पूर्वी त्या बँकेत अंगठा द्यायच्या.

तिथून पाच मिनिटांवर विश्रामबाग वाडा आहे. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. रस्त्याकडची लाकडी माडी आणि सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब काढायला आम्हाला फार वेळ लागला. पेशवाई गेली १८१८ साली. पुढे १६ नोव्हेंबर १८५२ रोजी याच वाड्यात मेजर कँडी यांच्या हातून जोतीराव फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार झाला, मुलींच्या शाळा काढल्याबद्दल. वाडा तोच. तिथे मान कोणाला आणि कशासाठी मिळतो, ते मात्र चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बदललं.

मग मंडई. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. आताची दगडी इमारत १८८६ साली सुरू झाली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि भोवती गाळ्यांचे पंख. नगरपालिकेत या इमारतीच्या खर्चाचा विषय आला तेव्हा सभासद असलेल्या जोतीरावांनी विरोध केला होता. हा पैसा आधी शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्याच इमारतीचं नाव महात्मा फुले मंडई आहे. इथे आम्हाला घरी आल्यासारखं वाटलं. पाट्या, तागड्या, पाण्याचा शिपका, भाजीची जुडी बांधायची तीच पद्धत. फोटोत मनोरा आला. वहीत मात्र जवळपास सगळ्यांनी भाजीवाल्या मावश्याच काढल्या. एक मावशी म्हणाली, “माझी सासू याच जाग्यावर बसायची. काढ, पण पदर नीट काढ.”

गंजपेठेतला हौद

शेवटचा मुक्काम गंजपेठ, फुलेवाडा. लहानसंच घर आहे. हे घर आता राज्य शासनाचं संरक्षित स्मारक आहे. जोतीरावांच्या समाधीवर तुळशीवृंदावन आहे. याच घरात फुले पतिपत्नींनी १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. आणि १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ रोजी. त्याच्या एकोणसाठ वर्षं आधी या अंगणात पाण्याचं दार उघडलं होतं.

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो. आमच्या गटातल्या एक मावशी, वय सत्तरच्या आसपास, त्यांनी हौदाजवळ बसून वहीत वेगळीच विहीर काढायला घेतली. ती आमच्या गावची मळ्यातली विहीर होती. विहिरीपासून लांब त्यांनी एक फुली मारली. म्हणाल्या, “माझी आई इथं उभी राहायची. कुणी वरून पाणी ओतेल म्हणून.” ती विहीर ज्यांच्या मळ्यात आहे, त्या घरची सूनही आमच्याबरोबर होती. ती थोडा वेळ पानाकडे बघत राहिली. मग जवळ सरकून बसली आणि म्हणाली, “मावशी, रहाट उजव्या अंगाला होता. आणि पायऱ्या तीन होत्या, चार नाही.” मावशींनी चौथी पायरी खोडली. दोघींनी मिळून पान पुरं केलं. ती विहीर दहा वर्षांपूर्वी बुजवली, त्यामुळे तिचं आता एवढंच चित्र आहे. आणि त्यात ती फुली आहे, हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नुसती सुंदर विहीर काढली असती तर ते अर्धंच खरं झालं असतं.

आता आपल्या गावात

मैत्रिणींनो, पुण्याला जायलाच हवं असं काही नाही. आपल्या गावातही पडझड रोज चालू आहे. घरकुल मंजूर झालं की जुनं घर पाडावं लागतं, आणि पक्कं घर आपल्याला हवंच. पण पाडायच्या आधी अर्धा तास काढा. पुण्यात जुन्या वाड्यांचं तेच झालं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतली कितीतरी घरं पाण्यात गेली, आणि त्यांच्यासोबत ट्रंकेतले फोटो आणि कागदही. नंतर काढू म्हणून काही राहत नाही.

काय काढायचं? जातं ठेवायची जागा, उखळ, चूल आणि वैलाचं चुलवण, बाळंतिणीची खोली, माजघरातली देवळी, मागचं दार, परसातली न्हाणी, धुणं धुवायचा दगड, पाणवठा, आठवडी बाजारात आपली सासू बसायची ती जागा. आणि कोणाला कुठे येऊ देत नव्हते, तेही.

कसं काढायचं? फोटो सकाळी नाहीतर उन्हं उतरल्यावर काढा, दुपारी सावल्या काळ्या पडतात. वस्तूशेजारी आपला हात ठेवा, म्हणजे ती केवढी ते कळतं. माणसाचा फोटो विचारूनच, आणि नको म्हटलं तर नको. चित्र वेडंवाकडं आलं तरी खोडत बसू नका, फक्त बाजूला नावं लिहा. प्रत्येक पानाखाली चार गोष्टी हव्यात: जागा कुठली, तारीख काय, सांगितलं कोणी, आणि काय उरलंय, काय गेलंय. फोन हरवतो, फुटतो, भरला की मुलं फोटो पुसून टाकतात. म्हणून चांगल्या चार फोटोंची छपाई करून वहीत चिकटवा.

आमच्या गटांनी ठरवलंय की दर महिन्याच्या बैठकीत हिशेब झाला की पंधरा मिनिटं या वहीसाठी द्यायची. दर वेळी एकीने एक पान दाखवायचं आणि बाकीच्यांनी त्यात दुरुस्ती सांगायची, त्या विहिरीच्या पायऱ्यांसारखी. वही गटाच्या पेटीत, कर्जाच्या रजिस्टरशेजारी राहील. तुमच्याही गटात एक वही घाला. पहिलं पान भरलं की आम्हाला कळवा, आपण ते रेडिओवर वाचून दाखवू.